श्वासाचा जमाखर्च

लेहला माझी बदली झाली तेव्हा सेवानिवृत्तीस अडीच वर्षे उरली होती, आणि उभी हयात लेखापरीक्षणाच्या दप्तरात, म्हणजे दुसऱ्यांच्या कीर्द-खतावण्यांतील चुका काढण्यात गेलेली असल्यामुळे, बिऱ्हाड हलविणे म्हणजे सामानाची यादी, भाड्याची पावती आणि रुजू झाल्याचा दाखला एवढ्या तीन कागदांत निकाली निघणारे प्रकरण होय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती मोडली एका चिवड्याच्या पुडीने. पुण्याच्या दुकानातून घेतलेली ती सीलबंद पुडी लेहच्या विमानतळावर पिशवीतून बाहेर आली ती लोडासारखी टम्म फुगून. “अहो, खराब झाला की काय हा?” असे म्हणत पत्नीने पुडीचा कोपरा कातरला, तेव्हा फुस्स असा आवाज होऊन ती एकदम मवाळ पडली. चिवडा उत्तम होता. पुडीत पुण्याची हवा कोंडलेली होती आणि लेहच्या हवेच्या अंगी तिला बाहेरून दाबून धरण्याइतका जोर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तथापि त्या ‘एवढ्याच’ अर्थात आमच्या पुढील दोन वर्षांचा सारा संसार सामावलेला होता, हे कळावयास आणखी काही तास जावे लागले.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर वसलेले आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जे कळसूबाई ते १६४६ मीटरांचे. तेव्हा एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी लेहच्या बाजारपेठेची पहिली पायरी काही हाताशी येत नाही. इतक्या उंचीवर प्राणवायू कमी असतो असे आपण म्हणतो, ते ढोबळ मानाने खरे असले तरी हिशेबाच्या भाषेत बरोबर नाही. कारण हवेतील प्राणवायूचे प्रमाण येथेही शंभरात एकवीसच असते. कमी झालेला असतो तो हवेचा दाब. डोक्यावरील हवेचे ओझे घटल्यामुळे हवा विरळ होते, तिचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांशावर येतो, आणि म्हणून तेवढाच श्वास घेतला तरी छातीत पडणारा प्राणवायूही दोन-तृतीयांशच असतो. टक्केवारी कायम ठेवून मूळ रकमेलाच कात्री लावावी, तसा हा प्रकार.

या कात्रीची झळ मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती, कारण मात्र ठाऊक नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी दरबारी इतिहासात पश्चिमेकडील मार्गावरच्या ‘मोठी डोकेदुखी’ आणि ‘लहान डोकेदुखी’ अशा नावांच्या पर्वतांचा उल्लेख सापडतो. पेरू देशातील उंच घाट ओलांडताना झालेल्या विलक्षण ओकाऱ्यांचे वर्णन होसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याने १५९० साली छापून ठेवले, आणि तेथील वारा मनुष्याच्या श्वासासाठी फाजील सूक्ष्म असावा असे अनुमानही केले. अखेर १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की अपराध विषारी वनस्पतींचा नव्हे, थंडीचा नव्हे, आणि थकव्याचाही नव्हे. तो प्राणवायूच्या घटलेल्या दाबाचा होय.

आमच्या घरमालकीणबाईंना हे ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. साठी ओलांडलेल्या, गालांवर उन्हाने तांबूस जाळे विणलेल्या त्या बाईंना सारी आळी ‘आमा-ले’ म्हणत असे. ‘आमा’ म्हणजे आई, आणि मागचा ‘ले’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा शब्द. मी ट्रकमधून उतरलेली पुस्तकांची पेटी उचलावयास वाकलो, तोच त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उभे केले, आणि “कुले, कुले” असे दोनदा म्हणाल्या. हळू, हळू. मग मोडक्या हिंदीत त्यांनी फर्मान काढले: दोन दिवस काही उचलावयाचे नाही, जिना चढावयाचा नाही, गरम पाणी प्यावयाचे आणि पडून राहावयाचे. विमानाने येणाऱ्या प्रत्येकास सरकारी सूचनाही हेच सांगते. पण सूचनाफलक दंड धरीत नाही.

रुजू होण्याची घाई असलेला मनुष्य दोन दिवस छताच्या वाशांकडे पाहत पडून राहिला म्हणजे त्याला आपण आळशी ठरल्याची लाज वाटू लागते. वस्तुतः त्या वेळी त्याच्या देहात जी धावपळ चाललेली असते तिला कोणत्याही दप्तरातील आर्थिक वर्षाच्या अखेरीची सर येणार नाही. श्वास आपोआप जलद व खोल होऊ लागतो, हे पहिले पाऊल. परंतु त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि हे पाहून मेंदूतील श्वसनाचा कारभारी श्वासाला उलट लगाम घालतो. एक खाते ‘आणखी’ म्हणते, दुसरे ‘पुरे’ म्हणते, आणि या तंट्याचा निवाडा अखेर मूत्रपिंडाकडे येतो. ते बायकार्बोनेट हा क्षार मूत्रावाटे बाहेर टाकून रक्ताचा तोल हळूहळू पूर्ववत करते, मग लगाम सैल होतो, आणि श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या कामास काही दिवस लागतात. उंचीवर आल्याबरोबर वरचेवर लघवीला जावे लागते म्हणून नवखा मनुष्य कुरकुरतो. त्याच्या देहाने नव्या मुलखाचा अंमल स्वीकारल्याची ती पहिली पोचपावती असते, हे त्याला ठाऊक नसते.

रात्री हा तंटा विशेष ऐकू येतो. पहिल्या रात्री पत्नी दचकून उठून बसली, कारण माझा श्वास भरभर चढत जाऊन एकाएकी थांबला होता. काही क्षण शांतता, मग एक मोठा उसासा, आणि पुन्हा तेच आवर्तन. तिने मला हलवून जागे केले व “अहो, श्वास घ्या ना!” असे इतक्या काकुळतीने सांगितले, की श्वास घेणे ही गोष्ट आठवणीने करावयाच्या कामांत मोडते असे मला आयुष्यात प्रथमच वाटले. उंचीवर नव्याने आलेल्यांच्या झोपेत हा चढउतार सर्रास आढळतो, आणि बहुधा तो निरुपद्रवी असतो. बोटाला लावावयाचे जे यंत्र करोनाच्या साथीने घरोघरी पोहोचविले, त्यावर माझा प्राणवायूचा आकडा त्या दिवशी ८४ होता. पुण्यात तो पाहून घरच्यांनी रुग्णवाहिका बोलाविली असती.

निरुपद्रवी काय आणि जिवावरचे काय, यांतील सीमारेषा मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, झोप न लागणे ही साधी लक्षणे. ती असताना आणखी वर चढू नये आणि विश्रांती घ्यावी, म्हणजे दोन-तीन दिवसांत ती ओसरतात. परंतु स्वस्थ बसले असतानाही धाप लागू लागली, छातीत घरघर होऊन फेसाळ कफ पडू लागला, किंवा मनुष्य दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला व असंबद्ध बोलू लागला, तर फुप्फुसांत अथवा मेंदूत पाणी साचत आहे असे समजावे. मग वैद्याकडे धाव घेणे, प्राणवायू देणे आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरविणे, यांत घटकेचाही विलंब परवडत नाही. फुप्फुसांतील या पाण्याला पूर्वी न्यूमोनिया समजत. हृदय धडधाकट असूनही केवळ उंचीमुळे असे घडते, हे चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० साली वैद्यकीय जगापुढे मांडले. पुढे दोनच वर्षांनी चीनशी युद्ध जुंपले आणि मैदानी मुलखातील आपले असंख्य जवान अल्पावधीत हिमालयाच्या माथ्यावर न्यावे लागले. त्या काळात आजारी पडलेल्या १९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि तो आजही या विषयातील एक मूळ दस्तऐवज मानला जातो. आज आपले सैन्य लेहच्या उंचीला सहा दिवस, त्यापुढील टप्प्याला चार आणि साडेचार हजार मीटरांच्या वर आणखी चार, अशा हप्त्यांनी जवानाला वर नेते. ज्या संस्थेत हुकूम होताच धावावयाचे असते, तिनेसुद्धा या एका बाबतीत ‘कुले, कुले’ हेच धोरण लेखी करून ठेवले आहे.

आठवडा उलटला आणि आम्ही बाजारापर्यंत चालू लागलो. मूत्रपिंडाने धाडलेल्या एरिथ्रोपोएटिन नावाच्या संदेशावरून अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची जी नवी भरती सुरू झालेली असते, तिचा परिणाम दिसावयास काही आठवडे लागतात. गंमत अशी, की आमा-लेंसारख्या तिबेटी वंशाच्या लोकांना या जादा भरतीची गरज फारशी पडत नाही. त्यांचे हिमोग्लोबिन खालच्या माणसांइतकेच राहते. ज्या जनुकीय वैशिष्ट्यामुळे हे साधते ते २०१० साली संशोधकांच्या हाती लागले, आणि २०१४ साली तर असे दिसून आले, की ते डेनिसोव्हन नावाच्या लुप्त मानवशाखेकडून आलेले आहे. तात्पर्य, आम्ही जे आठवड्या-आठवड्याने उचल घेऊन भागवीत होतो, ते त्यांना हजारो वर्षांच्या वडिलोपार्जित इनामातून मिळत होते.

देह रुळला, पण चूल रुळेना. लेहला पाणी साधारण ८८ अंशांवरच उकळते, म्हणजे बुडबुडे तेच, वाफ तीच, पण ताप बारा अंशांनी उणा; आणि तुरीची डाळ बुडबुडे पाहून शिजत नाही. उघड्या पातेल्यात ती दोन तास नाचत राहिली आणि दाताखाली आली ती खड्यासारखीच. प्रेशर कुकर येथे चैनीची वस्तू नसून घराचा आधारस्तंभ आहे. तोसुद्धा पुण्यात १२० अंश गाठीत असेल तर येथे ११५च्या आसपास थांबतो, कारण शिट्टीचे वजन आतील वाफेला बाहेरच्या हवेपेक्षा जेवढे वरचढ होऊ देते तेवढेच होऊ देते, आणि येथे बाहेरची हवाच दुबळी. सासूबाईंनी शिकविलेला तीन शिट्ट्यांचा हिशेब पत्नीने अखेर रद्द केला. होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवून, आठ शिट्ट्या देऊन, वर अर्धा तास मंद आचेवर ठेवली तेव्हा कोठे ती पाट्यावर वाटली गेली. दही लावणे ही तर हिवाळ्यात प्रतिष्ठेची बाब होऊन बसली. विरजणाचे भांडे माझ्या जुन्या शालीत गुंडाळून शेगडीजवळ ठेवावे लागे. उलट आमा-लेंच्या घरी दुधाळ, खारट गुरगुर चहा आणि जाड कडेचा खंबीर पाव, हे जे आम्हांस प्रथम विचित्र वाटले होते, त्यांतील स्निग्धता व मीठ यांचे प्रयोजन जानेवारीत आपोआप पटले.

घराच्या बांधणीतही असेच छुपे शहाणपण भरलेले होते. उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्यांची दाट ओळ, गवत आणि शेवटी माती, असे ते सपाट छप्पर. सर्व मोठ्या खिडक्या दक्षिणेला, उत्तरेला जवळजवळ आंधळी भिंत. दक्षिणेच्या काचेच्या खोलीला ‘शेल-खांग’ म्हणतात. बाहेर शून्याखाली दहा असताना तेथे दुपारी मी सदरा घालून वर्तमानपत्र वाचीत असे, आणि दिवसभर ऊन पिऊन बसलेली माती रात्री ती ऊब परत करीत असे. नव्या सिमेंटच्या घरात राहणारे माझे सहकारी आमच्याकडे बसावयास येत ते चहासाठी येत नसत, हे मी ओळखून होतो. हिवाळा लागला की घर आकसते. चार खोल्यांचे कुटुंब एका खोलीत, बुखारीच्या, म्हणजे धुराडे असलेल्या लोखंडी शेगडीच्या भोवती येते. एका रात्री मी कोळशाची सिगडी झोपण्याच्या खोलीत आणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या. कशासाठी तरी वर आलेल्या आमा-लेंनी दार उघडताच ती सिगडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले, की मला शाळेतील दिवस आठवले. बंद खोलीत कोळसा धुमसू लागला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि विरळ हवेत आधीच ओढग्रस्त असलेले रक्त त्याच्या तावडीत लवकर सापडते. बुखारीला धुराडे हवे, आणि खिडकीला फट हवी, मग थंडी कितीही असो.

मातीचे घर लेहला टिकते, कारण तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो शंभर मिलिमीटरच्या आसपास. पुण्याच्या एखाद्या जोरदार पावसाळी दिवसाइतका. पण ५ आणि ६ ऑगस्ट २०१०च्या मधल्या रात्री ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसे चिखलाच्या लोंढ्यात दगावली, आणि ज्या मातीने शतकानुशतके ऊब दिली तीच कित्येकांच्या अंगावर आली. त्या रात्रीविषयी आमा-ले बोलत नसत. विषय निघाला की त्या चहा ओतावयास उठत.

पाऊस नाही म्हणजे पाणी आहे ते हिमनदीचे. वसंतात तिचा बर्फ उशिरा वितळतो आणि पेरणी तर वेळेवरच करावी लागते. म्हणून गावागावातून पाण्याच्या पाळ्या लावण्यास ‘चुरपोन’ नावाचा माणूस नेमलेला असतो. कोणत्या शेतास किती वेळ पाट सोडावयाचा, हे तो ठरवितो आणि त्याचा शब्द चालतो. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी फडपद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच हे. सुमारे दीड हजार किलोमीटरांच्या अंतरावर, एकमेकांचे नावही न ऐकता, टंचाईने दोन समाजांस एकच हुद्दा निर्माण करावयास लावले. वसंतातील याच तुटीवर उपाय म्हणून चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी बांध घालून सावलीत गोठविण्याची युक्ती काढली, आणि २०१३-१४च्या हिवाळ्यापासून सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाचे शंकू, म्हणजे हिमस्तूप उभारले.

आमच्या अंगणातील नळ नोव्हेंबरअखेर गोठला तो मार्चमध्ये बोलू लागला. मधले चार महिने टँकरचे पाणी बादलीने वर आणावयाचे, आणि सकाळी बादलीवरचा पापुद्रा लाटण्याने फोडावयाचा. वाळत टाकलेला पंचा फळीसारखा ताठ होई, आणि तरीही दोन दिवसांनी कोरडा सापडे, कारण इतक्या शुष्क हवेत बर्फ पाणी न होताच उडून जातो. शौचकूपालाही पाणी लागत नसे. तेथे ‘छागरा’ असतो, वरच्या मजल्यावर जमिनीत एक चौकोनी भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि एक फावडे. नाक मुरडणाऱ्या माझ्या पत्नीने डिसेंबरात, सहकाऱ्यांच्या घरचे नवे, चकचकीत, नळाचे शौचालय गोठून फुटल्याची वार्ता ऐकली आणि त्या दिवसापासून छागऱ्याविषयी एकही अनुदार शब्द काढला नाही. वसंतात तेच खत आमा-लेंच्या जवाच्या शेतात गेले.

येथे नवख्याला अखेर जागा मिळते ती शेजारात. लडाखात काही घरे मिळून ‘फासपुन’ नावाचा एक गट असतो. त्यांचे कुलदैवत एक, आणि जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी परस्परांची कामे अंगावर घेणे हे त्यांचे बांधील कर्तव्य. भाडेकरूला त्यात स्थान नसते, ही रीत आहे आणि ती योग्यही आहे. तथापि डिसेंबरातील लोसारला, म्हणजे लडाखी नववर्षाला, आम्हांस बोलावणे आले. आणि मी काही न विचारता पाण्याच्या दोन बादल्या वर पोहोचविल्या, वाटेत दोनदा थांबून. आमा-लेंनी बादल्यांकडे नव्हे, माझ्या थांबण्याकडे पाहिले व मान डोलावली. दीड वर्षांपूर्वी पुस्तकांची पेटी एका दमात उचलू पाहणारा मनुष्य आता आपला श्वास मोजून खर्च करीत होता.

ही शिल्लक मात्र कायमची जमा होत नाही. महिनाभराच्या रजेवर पुण्यास जाऊन परतलो तेव्हा मी स्वतःस लेहकर समजून पहिल्याच दिवशी गच्चीवरील बर्फ लोटावयास गेलो, आणि दोन दिवस डोके धरून बसलो. खाली उतरताच देह जादा तांबड्या पेशींची फौज काही आठवड्यांत मोडून टाकतो. आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका तर रजेवरून परतणाऱ्या जुन्या रहिवाशांनाही असतो, हे वैद्यांना चांगले ठाऊक आहे. दरवेळी नवी चढण, नवा हिशेब, आणि पुन्हा दोन दिवस वाशांकडे पाहत पडून राहणे.

मुदत संपली. निघण्याच्या सकाळी आमा-लेंनी शाम भागातील आपल्या माहेराहून आलेले वाळलेले जर्दाळू प्लॅस्टिकच्या बरणीत दाबून भरले, झाकण घट्ट फिरविले आणि ती आमच्या पिशवीत घातली. पुण्यास पोहोचल्यावर पाहतो तो बरणीच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या, जणू कोणी तिला मुठीत आवळले होते. पत्नीने झाकणाला हात घातला. मी म्हटले, “थांब, कुले.” तिने झाकण अगदी सावकाश फिरविले, बरणीने पुण्याची हवा एका दीर्घ श्वासात आत ओढून घेतली, आणि तिच्या कुशी पूर्ववत भरून आल्या.